विद्यापीठातील जपानी भाषेचा अभ्यासक्रम मराठी विद्यार्थ्याने कसा पेलावा

विद्यापीठातील जपानी भाषेच्या वर्गात पहिल्यांदा जाऊन बसणारा मराठी विद्यार्थी बहुधा व्याकरणाला घाबरलेला असतो आणि लिपीचे काय ते पुढे बघू, असे मनाशी ठरवून आलेला असतो. प्रत्यक्षात गोष्ट उलट आहे. जपानी वाक्याची घडण मराठी वाक्याच्या इतकी जवळची आहे की अनेक वाक्ये शब्दाशब्दाने, क्रमही न बदलता, एका भाषेतून दुसरीत उतरतात. लिपी, शब्दसंग्रह आणि आदराच्या पातळ्या या तीन ठिकाणी मात्र मराठी फारशी मदतीला येत नाही, आणि सत्रातील बहुतेक तास खर्चायचे ते तिथेच. ही वाटणी सुरुवातीलाच नीट कळली तर अभ्यासक्रम झेपतो. ती न कळल्यामुळे चांगले विद्यार्थी दुसऱ्या सत्रात गळताना मी पाहिले आहेत.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था जपानी भाषेसाठी सुमारे २,२०० तासांचे वर्गशिक्षण धरते, हा आकडा वारंवार सांगितला जातो आणि तो ऐकून अनेकांचा धीर सुटतो. तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी काढलेला आहे, हे लक्षात ठेवावे. इंग्रजीभाषकाला क्रियापद शेवटी ठेवायला, शब्दाच्या मागे प्रत्यय लावायला आणि विशेषणवाक्य नामाच्या आधी आणायला नव्याने शिकावे लागते. आपण ते लहानपणापासून करत आलो आहोत. लिपीचे ओझे मात्र त्याला आणि आपल्याला सारखेच आहे.

नाव नोंदवण्यापूर्वी

विद्यापीठात जपानी भाषा अनेक वाटांनी शिकता येते. ती ऐच्छिक विषय म्हणून घेता येते, प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम म्हणून घेता येते, किंवा थेट पदवीचा मुख्य विषय म्हणून घेता येते. यांपैकी कोणती वाट निवडायची हे ठरवताना अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्याचे वेळापत्रक आधी पाहावे. आठवड्यातून एकदाच सलग तीन तास भरणाऱ्या वर्गापेक्षा चार दिवस पाऊण-पाऊण तास भरणारा वर्ग नवशिक्यासाठी कितीतरी चांगला असतो, कारण या भाषेत विसरण्याचा वेग मोठा आहे आणि मधले सहा दिवस कोरडे गेले की सातव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पदवीच्या अभ्यासक्रमात पुढे साहित्य, भाषाशास्त्र, इतिहास आणि अभिजात जपानी यांचा भाग येतो. ज्याला मुख्यतः बोलणे आणि कामापुरते वाचणे हवे आहे, त्याने याचा विचार आधी करावा.

विभागात जाऊन काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. वर्षअखेर विद्यार्थी कोणत्या स्तरापर्यंत पोहोचतो, पुढील वर्षाचा वर्ग नियमित भरतो का, हाताने लिहिणे परीक्षेत आहे का, तोंडी परीक्षेला किती गुण आहेत आणि उपस्थितीचा नियम किती कडक आहे, या प्रश्नांच्या उत्तरांतून अभ्यासक्रमाचा खरा स्वभाव कळतो. तोंडी परीक्षाच नसलेल्या अभ्यासक्रमात बोलण्याचा सराव स्वतःच उभा करावा लागतो.

थोडीफार जपानी आधीच येत असेल आणि स्तर ठरवण्याची परीक्षा असेल, तर ती प्रामाणिकपणे द्यावी. सोपे गुण मिळावेत म्हणून पहिल्या पायरीच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले सत्र आरामात जाते, पण त्याची अभ्यासाची सवय मोडते. उलट, चित्रपट आणि मालिका पाहून कान तयार झालेला, पण लिहिता न येणारा विद्यार्थी वरच्या वर्गात गेला तर लेखनात अडकतो. आपले ज्ञान कुठे उंच आणि कुठे ठेंगणे आहे, हे शिक्षकांना उघडपणे सांगितलेले बरे.

पहिला तास भरण्यापूर्वी हिरागाना

जपानी लेखनात हिरागाना, काताकाना आणि कांजी या तीन लिप्या एकाच वाक्यात एकत्र येतात. पहिल्या दोन ध्वनिलिप्या आहेत आणि प्रत्येकीत ४६ मूलाक्षरे आहेत; कांजी म्हणजे चिनी लेखनातून आलेली, अर्थ दाखवणारी चिन्हे. बहुतेक अभ्यासक्रमांत त्या पहिल्या काही आठवड्यांतच उरकल्या जातात, आणि त्याच आठवड्यांत व्याकरणही सुरू झालेले असते. म्हणून निदान हिरागाना सत्र सुरू होण्यापूर्वीच हाताखालून जायला हवी. रोज दहा अक्षरे आणि आदल्या दिवसाच्या अक्षरांची उजळणी, या हिशेबाने एका आठवड्यात ती होते.

आपल्यासाठी इथे एक सुखद गोष्ट आहे. जपानी अक्षरमालेचा क्रम आ, इ, उ, ए, ओ असा स्वरांनी सुरू होतो आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी येतात. हा क्रम ओळखीचा वाटतो, याला कारण आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्या वर्णमालेच्या मांडणीचा ठसा जपानी अक्षरमालेवर उमटला. क-वर्गाची जागा 'का' ओळीने, च-वर्गाची 'सा' ओळीने आणि त-वर्गाची 'ता' व 'ना' या ओळींनी घेतली आहे. 'हा' ओळ प-वर्गाच्या जागी बसते, कारण प्राचीन जपानी भाषेत तिचा उच्चार 'प'सारखा होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यानंतर 'मा' आणि मग आपल्यासारखेच य, र, व. जपानी शब्दकोश याच क्रमाने रचलेला असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला त्यात शब्द शोधायला वेगळे शिकावे लागत नाही.

रोमन अक्षरांत जपानी लिहिण्याची पद्धत, म्हणजे रोमाजी, पहिल्या पंधरा दिवसांनंतर पूर्णपणे सोडावी. मी स्वतः ती दोन महिने वापरली. टिपणे भराभर होत असल्याने आपण पुढे आहोत असे मला वाटत होते, आणि पहिल्या श्रुतलेखनात साध्या शब्दांतील दीर्घ स्वर कुठे लिहायचे हेच मला ठरवता येईना. देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याचा मोहही तितकाच धरू नये. या लेखात देवनागरी वापरली आहे ती समजावण्याच्या सोयीसाठी. वहीत मात्र जपानी शब्द जपानी लिपीतच हवा.

काताकाना बाहेरून आलेल्या शब्दांसाठी वापरतात. ती हिरागानापेक्षा कमी डोळ्यांखालून जाते, म्हणून कच्ची राहते, आणि पुढे दोन-दोन वर्षे शिकलेले विद्यार्थीही तिच्यातील 'शि' आणि 'त्सु', 'सो' आणि 'न्' या जोड्यांपाशी अडखळतात. हा गोंधळ डोळ्यांनी सुटत नाही, हाताने सुटतो. रेघ कोणत्या दिशेने ओढली आहे ते लिहून पाहिले की दोन्ही अक्षरे वेगळी होतात. उसन्या शब्दांच्या या लिपीत इंग्रजीच सर्वत्र भेटेल असेही नाही. पावाला जपानीत 'पान' म्हणतात, आणि तो शब्द व आपला 'पाव' हे दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आले आहेत.

उच्चार: मराठी कान कुठे कामी येतो

जपानी उच्चाराचे एकक मात्रा आहे. ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन, हा हिशेब वृत्त शिकलेल्या मराठी माणसाला सांगावा लागत नाही. 'तोक्यो' हे शहराचे नाव जपानी कानाला चार मात्रांचे आहे, तो-ओ-क्यो-ओ. 'युकी' म्हणजे बर्फ आणि 'यूकी' म्हणजे धैर्य. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. अडचण येते ती ए आणि ओ या स्वरांत. मराठीत त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घ जोड्या नाहीत, म्हणून 'तोरु' (घेणे) आणि 'तोओरु' (मधून जाणे) यांतला फरक आपला कान सुरुवातीला टिपत नाही. या दोन स्वरांवर मुद्दाम जास्त ऐकण्याचा सराव करावा.

जोडाक्षरातील थांबा मात्र आपल्याला आपसूक येतो. 'किते' म्हणजे ये, आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. मका आणि मक्का यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. जपानीतील एकटा 'न्' तर अगदी आपल्या अनुस्वारासारखा वागतो आणि पुढच्या वर्णाप्रमाणे बदलतो. वर्तमानपत्र या अर्थाच्या 'शिंबुन' शब्दात तो म् होतो आणि 'गेंकी'मध्ये ङ् होतो. परसवर्णाचा नियम शाळेत शिकलेल्याला तो पाठ करावा लागत नाही. 'त्सुनामी'तील पहिला ध्वनी अनेक भाषकांना जड जातो. मराठी माणसाने तो 'चूल' किंवा 'चूक' यांतील चू म्हणताना केव्हाच उच्चारलेला आहे. 'फु' म्हणताना मात्र मराठी फ विसरावा आणि फुंकर घालताना ओठ जसे जवळ येतात पण चिकटत नाहीत, तसे ठेवावेत.

ज्याला मराठीत प्रतिरूप नाही, तो म्हणजे स्वराघात, शब्दातील सुराची चढउतार. तोक्योच्या प्रमाण उच्चारात 'आमे' हा शब्द वरून खाली उतरला तर पाऊस आणि खालून वर गेला तर गोळी-मिठाई. पहिल्याच वर्षी प्रत्येक शब्दाचा सूर पाठ करायची गरज नाही. नवा शब्द कानाने आधी आणि डोळ्याने नंतर शिकायची सवय मात्र लावावी. रोज दहा मिनिटे ध्वनिफितीतील वाक्याच्या सावलीसारखे, अर्ध्या शब्दाच्या अंतराने मागोमाग बोलत जावे. मी पाहिलेल्या उपायांपैकी सर्वांत फलदायी उपाय हाच आहे.

व्याकरण: मराठीतून विचार करावा

विद्यापीठातील पाठ्यपुस्तके बहुतेक वेळा इंग्रजीतून समजावणारी असतात आणि विद्यार्थीही नकळत इंग्रजी वाक्य मनात धरून जपानी वाक्य जुळवू लागतो. असे केल्याने सरळ रस्ता सोडून लांबचा वळसा पडतो. 'वाताशी वा तोशोकान दे निहोंगो ओ बेंक्योओ शिमासु' या वाक्याचा मराठी अर्थ 'मी ग्रंथालयात जपानीचा अभ्यास करतो' असा आहे, आणि दोन्ही वाक्यांत मी, ग्रंथालय, जपानी, अभ्यास, करणे हे घटक त्याच क्रमाने येतात. वहीत प्रत्येक नव्या रचनेखाली तिचा मराठी पर्याय लिहावा. इंग्रजी पर्याय मग पाहिला नाही तरी चालतो.

याचा सर्वांत मोठा लाभ क्रियापदाच्या 'ते' रूपात होतो. साधारण पहिल्या वर्षाच्या मध्यावर हे रूप येते आणि वर्गातील अनेकांची गाडी तिथेच अडते, कारण त्याच्या नियमांत 'योमु'चे 'योन्दे', 'काकु'चे 'काइते', 'ओयोगु'चे 'ओयोइदे', 'मात्सु'चे 'मात्ते', 'हानासु'चे 'हानाशिते' अशी अनेक वळणे आहेत, आणि 'इकु'चे 'इत्ते' हा अपवाद वेगळाच. रूपे पाठ करण्याला पर्याय नाही. ती चालीवर म्हणून, आठवडाभर रोज वीस क्रियापदे फिरवून तोंडात बसवावी लागतात. परंतु या रूपाचा वापर आपल्याला नव्याने शिकावा लागत नाही, कारण ते आपल्या 'ऊन' प्रत्ययासारखेच चालते. 'शिते मिरु' म्हणजे करून बघणे, आणि 'मिरु'चा मूळ अर्थही बघणे हाच आहे. 'योन्दे ओकु' म्हणजे वाचून ठेवणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'मोत्ते कुरु' आणि 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन येणे आणि घेऊन जाणे. इंग्रजी पुस्तक ज्या रचनेवर पान-दीड पान खर्च करते, ती मराठी विद्यार्थ्याला एका ओळीत उमगते.

नामाआधी येणाऱ्या विशेषणवाक्यांचेही तसेच आहे. 'किनोओ योन्दा होन' म्हणजे काल वाचलेले पुस्तक. 'आमे गा फुरु तो ओमोइमासु' म्हणजे पाऊस पडेल असे वाटते, आणि त्यातील 'तो' आपल्या 'असे'च्या जागी चपखल बसतो. 'मला जपानी समजते' या वाक्यात जपानी हा शब्द कर्ता आहे. जपानीतही 'निहोंगो गा वाकारिमासु' असे कर्त्याचे चिन्ह लावूनच म्हणतात. 'मी जपानी समजतो' अशा इंग्रजी वळणाने विचार करणारे इथे कर्माचे 'ओ' लावून चुकतात. आवडणे, येणे, हवे असणे या सगळ्यांना हा नियम लागू आहे.

मराठी जिथे फसवते, त्या जागाही ठाऊक असाव्यात. आपला 'त' हा एकच प्रत्यय जपानीत दोन ठिकाणी विभागला जातो. एखादी व्यक्ती ग्रंथालयात आहे, हे सांगताना 'नि' लागतो आणि तिथे ती काही करते, हे सांगताना 'दे' लागतो. आपले 'आहे'सुद्धा सजीवांसाठी 'इरु' आणि निर्जीवांसाठी 'आरु' असे दुभंगते. देण्याच्या क्रियेला 'आगेरु' आणि 'कुरेरु' अशी दोन क्रियापदे आहेत, आणि वस्तू आपल्याकडून जाते आहे की आपल्याकडे येते आहे यावर त्यांची निवड ठरते. मोजण्याचे शब्द तर वस्तूच्या आकाराप्रमाणे बदलतात. लांबट वस्तू एक, दोन, तीन मोजताना 'इप्पोन, निहोन, सानबोन' असे म्हणावे लागते. हे तक्ते करून पाठ करावेत, त्यात तर्क शोधत बसू नये.

वाक्याचा विषय दाखवणारा 'वा' आणि कर्ता दाखवणारा 'गा' यांतला फरक हा पहिल्या वर्षी पुरता उलगडणारा विषय नाही, आणि तो उलगडला नाही म्हणून खिन्न होऊ नये. एक जुने उदाहरण हाताशी ठेवावे: 'झोओ वा हाना गा नागाई'. मराठीत याचा भाव 'हत्ती म्हणाल, तर सोंड लांब' असा आहे. 'म्हणाल तर' हे शब्द मनात घालून पाहिले की बऱ्याच वाक्यांत 'वा'ची जागा कळते. या सगळ्याच्या बदल्यात एक मोठी सूटही आहे. जपानी नामांना लिंग नाही आणि वचनानुसार क्रियापद बदलत नाही, त्यामुळे पुस्तक ते, वही ती आणि कागद तो, यांसारखा विचार कुठेच करावा लागत नाही.

कांजी: रोजचे, थोडे, हाताने

जपान सरकारच्या २०१० च्या सुधारित यादीनुसार नित्य वापराच्या कांजी २,१३६ आहेत, आणि त्यांतील १,०२६ जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा आहे, त्यांनाही इतका वेळ दिला जातो. विद्यापीठातील विद्यार्थ्याने आठवड्याला दहा-पंधरा कांजी हे प्रमाण धरावे आणि त्यात एकही आठवडा खंड पडू देऊ नये. परीक्षेच्या आदल्या रात्री साठ कांजी घोकता येतात, हे खरे आहे, पण आठवड्याने त्यांतल्या दहाही उरत नाहीत.

एकेका कांजीला दोन किंवा अधिक उच्चार का असतात, हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो. मराठी विद्यार्थ्याने याचे उत्तर आपल्या तत्सम आणि तद्भव शब्दांत शोधावे. आपण पाणी म्हणतो, पण जोडशब्दात 'जल' वापरतो. जपानी माणूस सुट्या पाण्याला 'मिझु' म्हणतो आणि जोडशब्दात चिनी मूळ असलेला 'सुई' उच्चार वापरतो. पाणी आणि पोहणे ही दोन चिन्हे मिळून 'सुइएइ' हा शब्द होतो, आणि आपला 'जलतरण' नेमका याच दोन अर्थांचा बनलेला आहे. डोंगर म्हणजे 'यामा', पण जोडशब्दात 'सान'. आग आणि डोंगर यांची चिन्हे जोडली की ज्वालामुखीसाठी 'काझान' हा शब्द मिळतो. म्हणून सुट्या चिन्हाचे सगळे उच्चार पाठ करण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक कांजीसोबत दोन किंवा तीन वापरातील शब्द शिकावेत, उच्चार त्या शब्दांबरोबर येतो.

वारांची नावे हा या अभ्यासातील आपल्या हक्काचा भाग आहे. मंगळवाराच्या जपानी नावात अग्नीचे चिन्ह असते, कारण मंगळ ग्रहाला जपानीत अग्नीचा तारा म्हणतात. बुधवारी पाणी, गुरुवारी लाकूड, शुक्रवारी धातू आणि शनिवारी माती ही चिन्हे येतात आणि ती त्या-त्या ग्रहांच्या जपानी नावांतीलच आहेत. रवि आणि सोम यांच्याजागी सूर्य आणि चंद्र. ग्रहांचा क्रम आपल्याला पाठच असल्यामुळे एका बैठकीत सात महत्त्वाच्या कांजी कायमच्या लक्षात राहतात.

अक्षर हाताने लिहावे. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आडवी रेघ उभीच्या आधी, आणि चौकटीचे अक्षर असेल तर खालची रेघ सर्वांत शेवटी, हे रेघांचे क्रम सुरुवातीला काटेकोर पाळले की नवी कांजी पाहताक्षणी ती कशी लिहायची हे कळू लागते, आणि शब्दकोशात रेघा मोजून तिला शोधताही येते. उजळणीसाठी ठराविक अंतराने पुन्हा समोर येणाऱ्या पत्त्यांची पद्धत वापरावी. यासाठी प्रचलित असलेल्या 'आंकी' या संगणकीय साधनाचे नावच पाठांतर या अर्थाच्या जपानी शब्दावरून आले आहे. मात्र दुसऱ्याने तयार केलेला हजारो पत्त्यांचा संच उतरवून घेऊ नये. वर्गात भेटलेल्या शब्दांचे, स्वतः वाक्यासह केलेले पत्तेच टिकतात.

वर्गात बोलणे आणि आदर

शिक्षकांना 'सेन्सेई' म्हणावे, आणि त्याला पुढे नावामागे लावायचा आदरदर्शक 'सान' जोडू नये. स्वतःच्या नावाला 'सान' कधीच लावत नाहीत. 'आनाता' हा तुम्ही या अर्थाचा शब्द पुस्तकात लवकर भेटतो, पण शिक्षकांशी किंवा मोठ्यांशी बोलताना तो टाळावा. त्याऐवजी नाव किंवा हुद्दा वापरावा. मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक जपणाऱ्याला आदराची जाणीव शिकवावी लागत नाही, परंतु जपानी आदराची दिशा वेगळी आहे. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपण स्वतःच्या आईला 'आई आल्या आहेत' असे आदरार्थी बहुवचन लावू शकतो. जपानीत आपल्या घरच्या किंवा कार्यालयातल्या माणसांविषयी परक्याशी बोलताना आदराची रूपे काढून घेतात. स्वतःची आई परक्यासमोर 'हाहा' असते आणि समोरच्याची आई 'ओकाआसान'. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आदरयुक्त आणि विनम्र क्रियापदे शिकताना ही आतले आणि बाहेरचे यांची विभागणी पक्की असेल, तर अर्धे काम झालेले असते.

तोंडी सरावात चूक होईल म्हणून गप्प बसणे हा विद्यापीठातील वर्गांचा जुना आजार आहे. वीस जणांच्या वर्गात एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची दोन-तीन मिनिटेच येतात, ती सोडून दिली तर सत्रभरात उरते काय? एक सहाध्यायी निवडून त्याच्याशी दर आठवड्याला अर्धा तास, त्या आठवड्याच्या पाठातील रचना वापरूनच बोलावे. विद्यापीठात जपानी विद्यार्थी शिकत असतील तर भाषेच्या देवाणघेवाणीसाठी विचारावे. शब्द आठवत नसेल तेव्हा अनुकरणवाचक शब्द पुष्कळदा वेळ मारून नेतात. आपल्याकडे काळीज धडधडते, त्यांच्याकडे ते 'दोकिदोकि' करते, आणि चकाकणारी वस्तू 'किराकिरा' असते. अशा शब्दांचा मोठा साठा दोन्ही भाषांत आहे आणि ते शिकताना मराठी माणसाला परके वाटत नाही.

निबंध लिहिताना भाषांतराचे यंत्र वापरू नये. त्याने दिलेले वाक्य शुद्ध असते, पण ते तुमच्या पायरीचे नसते, आणि शिक्षकांना ते पहिल्या ओळीतच कळते. त्याहून महत्त्वाचे असे की चुकलेल्या वाक्यावर शिक्षकांनी केलेली लाल खूण ही या अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाची शिकवणी आहे, ती स्वतःच्या हाताने घालवू नये. चुकांची वेगळी वही ठेवून परीक्षेआधी तीच वाचावी.

परीक्षा आणि जेएलपीटी

विद्यापीठाची परीक्षा आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेएलपीटी १९८४ पासून घेतली जाते. २००९ पर्यंत तिचे चार स्तर होते, २०१० पासून एन-५ ते एन-१ असे पाच झाले, आणि त्यांत एन-१ सर्वांत कठीण आहे. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, मात्र जपानबाहेर काही ठिकाणी वर्षातून एकदाच घेतात. एकूण १८० गुणांपैकी एन-५ साठी ८० आणि एन-४ साठी ९० गुण लागतात, शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावे लागतात. श्रवणाच्या विभागात ६० पैकी १९ गुण मिळाले नाहीत तर बाकी गुण कितीही असोत, विद्यार्थी अनुत्तीर्ण होतो. या परीक्षेत बोलणे आणि लिहिणे तपासले जात नाही. म्हणून केवळ तिच्या तयारीत रमलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेत आणि निबंधात मागे पडतो, आणि केवळ पाठ्यपुस्तकात रमलेला विद्यार्थी जेएलपीटीच्या श्रवणाला अपुरा पडतो. दोन्ही द्यायच्या असतील तर सत्र सुरू असताना विद्यापीठाच्या अभ्यासाला प्राधान्य द्यावे आणि जेएलपीटीसाठी शेवटचे सहा आठवडे रोज फक्त श्रवण आणि वेळ लावून वाचन वाढवावे.

जुन्या पद्धतीत सर्वांत खालच्या स्तरासाठी सुमारे १०० कांजी व ८०० शब्द आणि त्यावरच्या स्तरासाठी ३०० कांजी व १,५०० शब्द धरले जात. नव्या पद्धतीत अशी अधिकृत यादी नाही, पण पहिल्या दोन पायऱ्यांचा अंदाज बांधायला हे आकडे अजूनही उपयोगी पडतात.

दोन सत्रांमधली सुट्टी

सुट्टीत भाषा सर्वांत जास्त गळते आणि तिसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात ते सगळ्यांना जाणवते. सुट्टीत नवे व्याकरण शिकण्याचा संकल्प करू नये. तो बहुधा पुरा होत नाही. त्यापेक्षा सोपे आणि पुष्कळ वाचावे. जपानीत या पद्धतीला 'तादोकु' म्हणतात आणि तिचे नियम थोडके आहेत: अगदी सोप्या पुस्तकापासून सुरुवात करायची, वाचताना शब्दकोश उघडायचा नाही, न समजलेला भाग सोडून पुढे जायचे, आणि पुस्तक रंगत नसेल तर ते ठेवून दुसरे घ्यायचे. शिकणाऱ्यांसाठी पायऱ्यांप्रमाणे लिहिलेल्या लहान गोष्टींत कांजीवर फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक हिरागाना, छापलेली असते. त्यामुळे पहिल्या सत्रानंतरही त्या वाचता येतात. सुट्टीतल्या प्रत्येक दिवशी अशी एक गोष्ट, सत्रातील पत्त्यांची पंधरा मिनिटांची उजळणी आणि दिवसभरात काय केले याची हाताने लिहिलेली तीन जपानी वाक्ये, एवढे ठेवावे, आणि ती वाक्यांची वही नव्या सत्राच्या पहिल्याच तासाला शिक्षकांकडे तपासायला द्यावी.